ईशान्य कोपऱ्यातली माती

आंबेवाले माझ्या बाबांना ओळखून असत. पेटीतला वरचा आंबा त्यांनी कधी उचलला नाही. कोपरापर्यंत हात घालून तळाचा काढायचा, हुंगायचा, आणि विकणाऱ्याकडे असं बघायचं की त्यानेच ओशाळून भाव उतरवावा. त्यांची सगळी नोकरी संरक्षण कारखान्यात, तपासणी विभागात गेली. आलेल्या मालातून नमुन्याचा नग कुठून उचलायचा हे ठरवणं त्यांचं काम. घरी आले तरी ते काम सुटत नसे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा बाकीचे नातेवाईक मुलाचा पगार विचारत होते. बाबांनी एवढंच विचारलं, की मुलगा रविवारी किती वाजता उठतो. उत्तर ऐकूनही त्यांनी माल पास केला. त्याबद्दल मी आजही कधी त्यांचे आभार मानते, कधी नाही.

कारखान्याच्या क्वार्टरच्या मागे त्यांची भाजी असायची. वांगी, पालक, दोडक्याचा वेल. पण ती जमीन सरकारची. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी सकाळी पालकाला पाणी घातलं आणि दुपारी किल्ली परत केली. मग जबलपुरातच अधारतालला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. माझं सासर जवळच, त्यामुळे मी बँकेतून येता-जाता डोकावायची. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांमध्ये बाबांची मिरची उभी असायची, आणि खालच्या मजल्यावरची बाई वर बघून ओरडत असायची, "अंकलजी, फिर कीचड़ टपक रहा है!"

"मला भुई पाहिजे," बाबा म्हणायचे. "पायाखाली स्वतःची भुई. बाकी काही नको."

"आणि मला लिफ्ट पाहिजे," आई म्हणायची. "पण मला कोण विचारून राहिलं आहे!"

महाराजपूरकडचा प्लॉट सापडला तो असा, की दलाल दुसराच दाखवायला घेऊन गेला होता आणि वाटेत हा दिसला. पूर्वी तिथे पॉलिशचा कारखाना होता. पॉलिश म्हणजे नळ, सायकलीचे हँडल असल्या वस्तूंना चकचकीत मुलामा चढवायचा. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पत्र्याची शेडही कोणी उचलून नेली होती. उरला होता सिमेंटचा एक लांबट चौथरा आणि त्यातून वर आलेले गंजके बोल्ट. ऊन मात्र सबंध दिवसभर. बाबा चौथऱ्याच्या कडेने एक फेरी मारून आले आणि म्हणाले, घेऊ.

कोथिंबिरीच्या जुडीला तीन दुकानं फिरणारा हा माणूस. प्लॉटच्या बाबतीत त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. आम्हाला वाटलं, वय झालं. माणूस वयाने मऊ होतो. मी तर माझ्या नवऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगितलंसुद्धा, की बाबा बघ कसे सुधारले.

भूमिपूजनाला आईने ग्वारीघाटावरून नर्मदेचा गाळ आणवला. पोतंभर. तिचं म्हणणं, जमीन कोणाकोणाच्या हातून आलेली असते, आधी माईची माती पडली पाहिजे. गुरुजींनी ईशान्य कोपऱ्यात वीतभर खड्डा सांगितला होता. बाबांनी हौसेने गुडघाभर खणला. तेवढ्या खड्ड्यात गाळ कुठला पुरायला! मग सिहोऱ्याहून ओळखीच्या शेतकऱ्याकडचं शेणखत मागवलं, आणखी दोन पोती गाळ आला, आणि तो कोपरा असा काही काळाभोर, भुसभुशीत झाला की त्यावर झोपावंसं वाटे. बाबांनी लगेच तिथे मेथी पेरली. घराचा पत्ता नव्हता, नकाशासुद्धा पास व्हायचा होता, पण आमची मेथी उगवली होती.

मेथीला पाणी पाहिजे आणि पुढे बांधकामालाही लागणार, म्हणून बोअर मारला. पाणी चांगलं लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी स्टीलच्या पेल्यात थोडं घेतलं, मग घरून आणलेल्या काचेच्या ग्लासात ओतलं, आणि मला ते जरा पिवळसर दिसलं. लिंबाच्या सरबतात लिंबू कमी पडावं तसं.

"पहिलं पाणी असंच येतं," बाबा म्हणाले.

आठवड्याने पुन्हा पाहिलं. तसंच.

"बाबा, हे अजून पिवळंच आहे."

"तुझा ग्लास पिवळा आहे."

समोर गल्लीपलीकडे किराणा दुकान होतं. दुकानदार भैया मोठा बोलका. त्याच्या दुकानाशेजारी सरकारी हातपंप. सगळी गल्ली तिथे भरायची. मी त्याला सहज विचारलं, की कारखाना होता तेव्हा इथे कसं होतं.

"अरे दीदी, क्या बताएँ," तो म्हणाला. "दिनभर खटर-पटर। और पानी जो निकलता था ना उनका, एकदम हरा-पीला, वो सब पीछे गड्ढे में छोड़ देते थे। गड्ढा कभी भरा ही नहीं। पता नहीं कहाँ जाता था।"

पाणी कुठे जात होतं हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही, आणि ते बरंच आहे, कारण त्या विषयात मी काठावर पास झाले होते. मी एका खासगी प्रयोगशाळेला फोन केला. त्यांनी सांगितलं, पाण्याची एक बाटली आणि मातीची एक पिशवी पाठवा, मग बघू. पाण्याची बाटली मी भरली. माती आणते म्हटल्यावर बाबा खुर्चीतून उठले.

"तू राहू दे. नमुना घेणं सोपं काम नाही. माझी जिंदगी गेली त्यात."

खरंच होतं. मी पिशवी त्यांच्या हातात दिली.

मातीचा रिपोर्ट आधी आला. सगळं ठीक. उलट सेंद्रिय घटक उत्तम, असं काहीसं लिहिलं होतं. बाबांनी बडा फुहारा चौकातून खव्याची जलेबी आणली आणि पहिली माझ्या तोंडात कोंबली. "घे. शंका फार करते पोरगी. कोणावर गेली कोणास ठाऊक."

"काहून, आरशात पाहा ना!" आई म्हणाली.

जलेबी पचायच्या आत फोन आला. प्रयोगशाळेतली मुलगी बोलत होती. आधी हिंदीत, मग माझं आडनाव बघून मराठीत. ती अमरावतीची, नोकरीसाठी नवीनच जबलपूरला आलेली. म्हणाली, "ताई, पाण्यात क्रोमियम आलंय. बरंच. आणि मातीत काहीच नाही. असं होत नाही. मी एकदा येऊन बघू का?"

ती आली ते पायात जाड बूट आणि खांद्यावर मातीत फिरवून घुसवायचा लोखंडी गिरमिट घेऊन. तिच्या त्या अवताराने आई आधी दचकली, पण मुलगी "काकू" म्हणाली मात्र, आईचं भान सुटलं. जबलपुरात नवीन मराठी माणूस भेटला की आई त्याला सोडत नाही. आणि आपल्या प्लॉटवर पहिल्यांदा आलेली लेकीच्या वयाची मुलगी, तिला कोरडं कसं पाठवायचं? चौथऱ्यावर सतरंजी टाकून तिने त्या मुलीला हळदीकुंकू लावलं, ओटीत नारळ आणि तांदूळ घातले, चिवडा पुढे केला.

"काकू, माझे हातमोजे... हळद सॅम्पलमध्ये गेली तर रिपोर्टमध्ये हळद येईल."

"येऊ दे ना, शुभ असते."

हा प्रसंग आमच्याकडे फार लोकप्रिय आहे. लग्नकार्यात मी तो सांगते, त्या मुलीचा चेहरा करून दाखवते, लोक पोट धरून हसतात. मी तिथेच थांबते आणि जेवायला वाढलंय म्हणून उठते.

कारण पुढे त्या मुलीने विचारलं, "आधीचं सॅम्पल कुठून घेतलं होतं?"

बाबांनी मेथीचा कोपरा दाखवला. ती उकिडवी बसली, चिमूटभर माती बोटांत चुरली आणि वर बघून म्हणाली, "काका, ही माती इथली नाही ना?"

"अवो, ती नर्मदामाईची!" आई मोठ्या अभिमानाने म्हणाली. "आणि खत सिहोऱ्याचं."

आम्ही सगळे हसलो. मी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पैसे भरून आपण नर्मदेचा गाळ तपासून आणला, आणि तो चांगला निघाला म्हणून जलेबी खाल्ली! ती मुलगीही हसली. मी टाळी द्यायला बाबांकडे वळले. ते हसत नव्हते. ते चौथऱ्याच्या मागच्या बाजूला बघत होते. तिथे जमिनीवर एक पिवळट पापुद्रा धरला होता, आणि त्याच्या भोवती गवताची काडी नव्हती.

माझं हसू तिथल्या तिथे थांबलं. हा माणूस आंबा वरचा उचलत नाही. अख्ख्या प्लॉटवर परकी माती असलेली एकच जागा होती आणि तिथूनच त्यांनी पिशवी भरली. हे विसरून होण्यासारखं नव्हतं.

मुलीने तिच्या पद्धतीने काम केलं. दोऱ्या ताणून चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनात गिरमिट घुसवलं, वरची माती वेगळी, खालची वेगळी. चौथऱ्यामागे गिरमिट वर आलं तेव्हा टोकाला माती हिरवट होती. तिने पिशवी बंद केली. जाताना मेथीकडे बोट करून विचारलं, "हिला पाणी कुठलं देता?"

"बोअरचंच," बाबा म्हणाले.

"मग खाऊ नका काका. रिपोर्ट येईपर्यंत तरी."

रिपोर्ट आला, आणि तिने फोनवर समजावून सांगितलं. मुलाम्याच्या कामातलं क्रोमियम, त्यातलं जे वाईट तेच, खोलवर गेलेलं. माती खणून दुसरीकडे योग्य जागी न्यायची तर तो खर्च आमच्यासारख्यांचा नाही. घर बांधता येईल. पण सगळी जमीन फरसबंद करून, उघडी माती कुठेच न ठेवता. बोअर बंद. झाड नाही, भाजी नाही.

"म्हणजे घर होईल," मी बाबांना सांगितलं. मला वाटलं, आधी चांगलं सांगावं.

"सिमेंटवर?" ते म्हणाले. "ते तर आत्ताही आहे. तिसऱ्या मजल्यावर."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच प्लॉटवर गेलो. बाबा चौथऱ्यावर बसले. मी शेजारी. समोर मेथी होती. ती इतकी छान आली होती की रागही येत होता.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवशीच. आमच्या विभागाशेजारीच मुलाम्याचा सेक्शन होता. तिथल्या कठड्यावर हाच पिवळा थर चढायचा. फेरी मारली तेव्हाच दिसला."

"मग काहून घेतली, बाबा?"

त्यांनी खांदे उडवले. लहान मुलाने उडवावे तसे. "ऊन चांगलं होतं," ते म्हणाले. मग, "मला वाटलं, माझ्या वयाला आता काय होणार आहे? मी एकट्याने खाल्ली असती."

"एकट्याने? आईने अख्ख्या अधारतालात वाटली असती. पहिली जुडी माझ्या घरी आली असती."

आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना तपासत होते, आणि मला ते जमत होतं, आणि ते अजिबात बरं वाटत नव्हतं. त्यांना हवं होतं ते किती थोडं होतं. एवढ्या मोठ्या गावात ऊन लागेल अशी एक पट्टी, जिथे उकिडवं बसलं की गुडघ्याला माती लागेल. ते मिळवायला त्यांनी आयुष्यभराची सवय मोडली, आणि मी त्यांचीच मुलगी असल्यामुळे काचेचा ग्लास घेऊन गेले.

मग ते उठले आणि मेथी उपटायला लागले. मीही बसले. मुळासकट, एकेक. पोतं भरल्यावर नवा प्रश्न आला, ते टाकायचं कुठे? गल्लीत टाकलं तर गाय खाणार. नाल्यात टाकलं तर म्हैस खाणार. जबलपुरात हिरवं काही टाकलं की त्याला तोंड लावायला कोणीतरी उभंच असतं. शेवटी ते त्याच खड्ड्यात पुरलं. नर्मदेच्या मातीत.

तेवढ्यात माझ्या नवऱ्याचा फोन आला. त्याचं मत स्पष्ट होतं. "बोलू नका कोणाशी," तो फोनवर म्हणाला. "आधी विकून टाका. घेणारा बघेल. आपल्यालाही कोणी सांगितलं होतं का?" फोन स्पीकरवर होता. मी त्याला गप्प केलं नाही, कारण माझ्याही मनात तेच चाललं होतं. बाबांच्या फंडातली सगळी पुंजी त्या जमिनीत गेली होती. एक बिल्डर तयारही होता. "मिट्टी-विट्टी कौन देखता है," असं तो स्वतःहून म्हणाला होता.

बाबांनी हात धुण्यासाठी बाटली उघडली, मग थांबले. गल्लीपलीकडे हातपंपावर एक बाई कळशी भरत होती. तिच्या मागे आणखी दोघी. पंपाच्या दांड्याचा आवाज येत होता.

"तिथलं पाणी पाहिलं का तुझ्या त्या मुलीने?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"एकाच जमिनीखालचं आहे ते."

"बाबा, आपण आधी..." मी म्हणाले.

"आधी काय?" ते म्हणाले आणि गल्ली ओलांडून गेले. मी मागे.

भैयाने नेहमीप्रमाणे स्टूल पुढे केलं. "आइए बाबूजी! कब शुरू कर रहे हैं मकान?" मुलाला ओरडून चहा सांगितला. चहा आला. बाबांनी ग्लास हातात धरला आणि सगळं सांगितलं. खड्डा, पिवळा रंग, रिपोर्ट. त्यांच्या हिंदीत नेहमी मराठी डोकावतं. त्या दिवशी जरा जास्तच. "ये पानी पीने का नहीं है भैया। जाँच करवाओ। जब तक बंद रखो।"

भैया हसला. "बाबूजी, हम तो बचपन से यही पी रहे हैं।" मग त्याचं हसू जरा कमी झालं. "आपकी ज़मीन का क्या होगा? ये बात फैली तो कौन लेगा?"

"कोई नहीं लेगा," बाबा म्हणाले.

"तो फिर हम कहाँ का पिएँ?"

त्यांनी हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. त्या चहावर आता साय धरली होती. ते ग्लास तसाच हळूच कट्ट्यावर ठेवून म्हणाले, "मैं कल आता हूँ।"

ते दुसऱ्या दिवशी गेले, आणि नंतरही जात राहिले. त्या अमरावतीच्या मुलीने पंपाचं पाणी स्वतःहून, पैसे न घेता तपासून दिलं, त्यातही निघालं. बाबा सगळ्या ऑफिसांचे जिने चढले. शेवटी कोणीतरी येऊन, पाणी पिण्याचं नाही हे कळावं म्हणून, पंपाला लाल रंग फासून गेलं आणि टँकर यायला लागला. कधी येतो, कधी येत नाही. बिल्डरने फोन उचलणं बंद केलं. नवरा मला काही म्हणाला नाही. तो रविवारी उशिरा उठतो, पण मनाने वाईट नाही.

ज्या दिवशी टँकर येत नाही त्या दिवशी लोक लाल पंपावरच जातात. धुण्याला, आंघोळीला चालतं, असं म्हणतात, आणि कळशी मात्र घासलेली, पिण्याची असते. म्हणून बाबा दुपारनंतर भैयाच्या दुकानासमोर स्टूल टाकून बसतात. समोर त्यांचा स्वतःचा प्लॉट, मोकळा, उन्हातला. तिकडे ते बघत नाहीत. आई म्हणते, निवृत्तीनंतर पुन्हा ड्यूटी लागली, पगाराचं तेवढं विचारू नका.

बँक सुटली की मी त्यांना आणायला जाते. काल गेले तेव्हा अंधारून येत होतं.

"बाबा, चला. आई वाट पाहून राहिली आहे."

"थांब जरा," त्यांनी हात वर केला. पंपावर एक नवी भाडेकरू बाई आली होती, कडेवर पोर आणि हातात पितळी कळशी. बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "तिला विचारून येतो, कशाला नेते आहे."